साखरेचा डबा माळ्यावरून खाली काढ

पत्र :

ताई, नमस्कार. मी विक्रोळीला राहते, वय ३१. माझी आई ५२ वर्षांची आहे. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, डॉक्टर स्टेज टू-बी म्हणाले. परळला टाटामध्ये उपचार चालू आहेत. रेडिएशनच्या अकरा बैठका झाल्या, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाईन असतं. निदान झाल्याच्या आठवड्यातच आत्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं की कॅन्सर साखरेवर जगतो. तेव्हापासून आईने साखर, गूळ, भात, केळं, चिकू, सगळं सोडलंय. साखरेचा डबा तिने स्वतः माळ्यावर ठेवला. सकाळी कारल्याचा रस पिते. सहा आठवड्यांत वजन ५८ वरून ५२ वर आलं. मी तिच्याशी रोज भांडत होते. पण गेल्या आठवड्यात मीच एक लेख वाचला, की कॅन्सरच्या गाठीवर बदललेले साखरेचे रेणू असतात, त्यामुळे आपली प्रतिकारशक्ती फसते, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्येही हे दिसतं. आता मला बोलायला तोंडच उरलं नाही. आत्या बरोबर होत्या का? आई रात्री विचारते, "इतकी वर्षं दोन-दोन चमचे घालून चहा प्यायले, म्हणून झालं का गं हे?" मी तिला काय सांगू?

उत्तर :

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ती रात्री जागी असते. नाही. चहातल्या साखरेने तिला हा कॅन्सर झालेला नाही. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हॅराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने ते दाखवून दिलं आणि २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हे तिला आजच सांग. बाकीचं पत्र तू सावकाश वाच.

तू वाचलेला लेख खोटा नव्हता, आणि आत्यांचा मेसेज त्याने खरा ठरत नाही. घोटाळा शब्दाचा आहे. आपल्याकडे खरं तर दोन शब्द आहेत, साखर आणि शर्करा. साखर म्हणजे डब्यातली, किराणा दुकानातून किलोने येणारी. शर्करा म्हणजे रेणूंचं एक मोठं कुटुंब. ग्लुकोज त्यात आहे, पण गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज आणि सायलिक ॲसिडही त्याच कुटुंबातले. यातले बरेचसे जिभेवर ठेवून गोड लागतील असेही नाहीत. लेख लिहिणाऱ्याने शर्करेच्या जागी साखर लिहिलं, आणि विक्रोळीतल्या एका मुलीला डबा माळ्यावर ठेवणंच बरोबर वाटायला लागलं.

मी पॅथॉलॉजिस्ट. माझी सगळी नोकरी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या बघण्यात गेली, त्यामुळे पेशी कशा दिसतात ते मला बऱ्यापैकी माहीत आहे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर शर्करेच्या साखळ्यांची दाट लव असते. प्रथिनांवर आणि चरबीच्या रेणूंवर त्या साखळ्या उगवलेल्या असतात. शेजारची पेशी, रक्तातून जाणारी पांढरी पेशी, एखादा विषाणू, कोणीही आलं तरी त्याचा पहिला स्पर्श होतो तो या लवेला.

याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे रक्तगट. आईच्या फायलीवर पहिल्याच पानावर तिचा गट लिहिलेला असेल. तो गट म्हणजे लाल पेशीवरच्या साखळीच्या टोकाला कोणती शर्करा बसली आहे, एवढंच. बी गटात टोकाला गॅलॅक्टोज असतं. ए गटात त्याच्यासारखाच पण थोडा वेगळा रेणू. ओ गटात टोकाची ती जागा मोकळी असते, फक्त खालचा पाया असतो. आणि मुंबईकर म्हणून तुला हे आवडेल : १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असे रुग्ण शोधले, ज्यांच्या लाल पेशींवर तो पायासुद्धा पुरा नव्हता. साखळीवर फ्यूकोज नावाची एक शर्करा चढवायला जे एन्झाइम, म्हणजे काम घडवून आणणारं प्रथिन, लागतं, ते त्यांच्यात काम करत नव्हतं. तो बॉम्बे रक्तगट. जगभरच्या पुस्तकांत आपल्या शहराच्या नावाने आहे. या माणसांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. त्यांचं शरीर त्या एका जास्तीच्या फ्यूकोजला परकं समजून त्या रक्तावर तुटून पडतं.

आता दोन गोष्टी बघ. आपली प्रतिकारशक्ती एका रेणूचा फरकसुद्धा वाचते, हे एक. आणि दुसरं, आयुष्यभर मिठाई खाऊन कोणाचा ओ गट बी झालाय का? होत नाही. या साखळ्या कशा विणायच्या ते पेशीच्या आतली एन्झाइम ठरवतात. कच्चा मालही पेशी बहुतेक स्वतःच घडवते, रक्तात कायम असलेल्या ग्लुकोजपासून. तू चहात किती चमचे घातलेस याचा त्या विणीशी संबंध नाही.

मग गाठीवर काय बदलतं, तेही सांगते, कारण तू ते वाचून घाबरली आहेस आणि अर्धवट माहितीने भीती वाढतच जाते.

एचपीव्हीचा संसर्ग बहुतेक बायकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. फार थोड्यांच्यात तो चिवटपणे राहतो. मग त्याची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिनं पेशीतल्या दोन रखवालदारांना, पी-५३ आणि आरबी यांना, निकामी करतात. हे होऊन कॅन्सर तयार व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. या प्रवासात पेशीच्या आतली सगळी शिस्त बिघडत जाते, आणि साखळ्या विणणारी एन्झाइमंही त्यातून सुटत नाहीत. काही साखळ्या अर्ध्यावरच थांबतात. काहींना नको तिथे फाटे फुटतात. बऱ्याच साखळ्यांच्या टोकाला सायलिक ॲसिड जास्तच बसायला लागतं.

सायलिक ॲसिड हा आपल्या निरोगी पेशींचाही नेहमीचा दागिना आहे. आपल्या एनके पेशी, म्हणजे गस्त घालत बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, यांच्या अंगावर सिग्लेक नावाची प्रथिनं असतात. सिग्लेकला समोर सायलिक ॲसिड भेटलं की आत ब्रेक लागतो : ही आपल्यातलीच, हिला सोड. निरोगी शरीरात हा ब्रेक हवाच, नाहीतर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उठेल. कॅन्सरची पेशी तीच खूण मुबलक मिरवते, आणि जी एनके पेशी तिला मारायला आली तीच हात आवरता घेते. मॅक्रोफेज, म्हणजे नको ते गिळून टाकणाऱ्या पेशी, यांच्यावरही असेच सिग्लेक असतात, त्यामुळे गाठ गिळून टाकायला आलेल्या पेशीही कधी कधी तिच्या बाजूने वागू लागतात. सायलिक ॲसिड आणि सिग्लेक यांच्या अभ्यासात ज्यांचं नाव सर्वांत पुढे घ्यावं लागतं ते डॉ. अजित वर्की वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले.

दुसरा प्रकार गॅलेक्टिनचा. ही प्रथिनं गॅलॅक्टोज असलेल्या साखळ्यांना चिकटतात. गाठीभोवती गॅलेक्टिन-१ वाढलं की लढायला आलेल्या टी-पेशी त्याच्या संपर्कात येऊन मरू शकतात. आणि पीडी-एल-१ नावाचं प्रथिन, ज्याच्याबद्दल इम्युनोथेरपीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या उपचारांच्या, संदर्भात तू वाचलं असशील, त्याच्यावरसुद्धा शर्करेच्या साखळ्या असतात. त्या काढून टाकल्या तर पेशी ते प्रथिन लवकर मोडून टाकते. म्हणजे टी-पेशींना रोखणारी ती ढालही शर्करेच्या आधाराने उभी आहे.

हे सगळं खरं आहे आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या कॅन्सरच्या संशोधनातला हा सर्वांत सुंदर भाग आहे. कॅरोलिन बर्टोझी यांना २०२२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामाची सुरुवातच पेशीवरच्या या शर्करा जिवंतपणी बघता याव्यात या धडपडीतून झाली. गाठीवरचं सायलिक ॲसिड छाटून टाकणारी एन्झाइम औषध म्हणून वापरता येतील का, याच्या माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्याही झाल्या आहेत. पण आईच्या उपचारात आज यातलं काही नाही, आणि ते नाही म्हणून तिचं काही कमी पडतंय असं मनात आणू नकोस.

एक गंमत सांगते, कोकणातल्या माणसाला आवडेल अशी. गाठीवरच्या या अर्धवट राहिलेल्या साखळ्या प्रयोगशाळेत ओळखायच्या कशा? त्यासाठी जी प्रथिनं वापरतात त्यातलं एक निघतं फणसाच्या आठळ्यांतून. त्याचं नाव जॅकलिन. काचपट्टीवर ते टाकलं की ते नेमकं त्या आखूड साखळ्यांना जाऊन धरतं. शेंगदाण्यातलंही एक प्रथिन असंच वापरतात. मात्र हे आत्यांना सांगू नकोस, नाहीतर उद्या आईसमोर उकडलेल्या आठळ्यांचं ताट येईल. काचपट्टीवरची गोष्ट वेगळी आणि पोटातली वेगळी. आठळ्या भाजी म्हणून खाव्यात, पोट ठीक असेल तेव्हा.

आता साखर आणि गर्भाशयमुख यांची एक गोष्ट, जी मी डोळ्यांनी पाहिली आहे. शिकत असताना एका तपासणी शिबिरात मी मॅडमच्या मागे उभी होते. त्यांनी कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर आयोडीनचं द्रावण लावलं. बघता बघता सगळा भाग शिसवी लाकडासारखा गडद तपकिरी झाला. फक्त एका कडेला, घड्याळात दोन वाजतात त्या जागी, नखाएवढा तुकडा मोहरीसारखा पिवळाच राहिला. मॅडम म्हणाल्या, तिथला तुकडा घ्यायचा. कारण असं, की निरोगी पेशींत ग्लायकोजेन भरलेलं असतं. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचाच साठा. आयोडीन त्याला धरतं आणि रंग चढतो, शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकलेलं आठवतं ना, तसंच काहीसं. ज्या पेशी बिघडायला लागल्या त्यांच्यात तो साठा उरत नाही, म्हणून त्या पिवळ्या. शरीराने तिथे साखर ठेवली आहे ती निरोगी पेशींसाठीच. योनीमार्गातले चांगले जंतू त्याच साठ्यावर जगतात आणि लॅक्टिक ॲसिड तयार करून तिथलं आम्ल टिकवतात. तो तपकिरी रंग आणि त्यातला तो पिवळा ठिपका मी अजून विसरलेले नाही. साखर म्हणजे कॅन्सर असं कोणी म्हणालं की मला तोच आठवतो.

आत्यांच्या मेसेजमध्ये पेट स्कॅनचं चित्र असणार. "बघा, साखरेचं इंजेक्शन दिलं की गाठ कशी पेटते." त्यात तथ्य एवढं, की बऱ्याच कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात. ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात हे नोंदवलं आणि पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण त्याच चित्रात मेंदूही लख्ख दिसतो. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि ते मिळालंच पाहिजे. म्हणून आपण भात सोडला तरी यकृत ग्लुकोज तयार करून रक्तात सोडत राहतं. ते कशातून करतं? बऱ्याच अंशी स्नायूंच्या प्रथिनातून. आईने भात सोडून गाठीची उपासमार झालेली नाही. गाठीला जे हवं ते मिळतंय. झिजतायत आईचे दंड, मांड्या. वजनकाट्यावरचे ते सहा किलो कुठून गेले, ते हे.

सहा आठवड्यांत ५८ चे ५२ म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा. तुझ्या सगळ्या पत्रात मला भीती वाटली ती या एका ओळीची. इतकं वजन उतरलं की अशक्तपणा येतो, रक्ताचे आकडे खाली जातात, सलाईन पुढे ढकलावं लागतं. रेडिएशनचं नियोजन शरीराच्या मापावर केलेलं असतं, ती मापं बदलली तर तंत्रज्ञांना ते पुन्हा तपासावं लागू शकतं. उद्याच्या बैठकीला जाशील तेव्हा हे दोन्ही आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दे आणि आहारतज्ज्ञांची भेट माग. "आई नीट जेवत नाही" असं मोघम बोलू नकोस. गर्दीच्या ओपीडीत मोघम वाक्य वाहून जातं, आकडा थांबवतो.

खायला काय? रेडिएशन ओटीपोटावर चालू आहे, आतडी त्याच वाटेत असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुलाब सुरू होणं अगदी नेहमीचं. अशा वेळी पोटाला सर्वांत सोसतो तो मऊ भात, मुगाचं वरण, तांदळाची पेज, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं. म्हणजे नेमकं तिने सोडलेलं. कच्च्या कोशिंबिरी, तिखट, भरड कोंडा हे सध्या बाजूला ठेवा. प्रथिनं वाढवा. तिच्या वजनाला दिवसाला साधारण ५५ ते ७५ ग्रॅम लागतील, आणि एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, यावरून अंदाज घे. अंडी, मासळी, कोंबडी, पनीर, दही, घट्ट वरण, जे तिला जातं ते. एकदम ताटभर नको, दर दोन-अडीच तासांनी वाटीभर. तांदळाच्या खिरीत एक चमचा साखर पडली तर पडू दे. तिला मधुमेह असेल तर मात्र साखर सांभाळावीच लागेल, तेव्हा काय आणि किती हे डॉक्टर सांगतील. तू पत्रात त्याबद्दल काही लिहिलेलं नाहीस.

आणि हे नीट वाच. जुलाब सुरू झाले आणि ओआरएस द्यायची वेळ आली तर आई त्यात साखर आहे म्हणून नाही म्हणेल. तिथे तू तिचं ऐकायचं नाही. आतड्यात ग्लुकोज असेल तरच मीठ आणि पाणी नीट शोषलं जातं. नुसतं मिठाचं पाणी तेवढं काम करत नाही. पुडी मिळाली नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर ताण देतं. ते चालू असताना अंगातलं पाणी आटलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. लघवी कमी झाली, उलट्या थांबत नाहीत किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. कारल्याचा रस बंद. कारल्याची भाजी तिला आवडत असेल तर पोट बरं झाल्यावर खाऊ दे, पण उपाशीपोटी रस आणि त्यावर सिस्प्लॅटिनची मळमळ, हे कशासाठी? रस, काढे, पुड्या, घरात जे काही येतं त्याची यादी डॉक्टरांना दाखव. ते रागावतील म्हणून लपवू नका.

खाण्यातली एकही शर्करा पेशीवर चढत नाही का, असं एखादा हुशार वाचक विचारेल, तर एक अपवाद मला माहीत आहे. बकऱ्याच्या आणि मोठ्या जनावरांच्या मांसात सायलिक ॲसिडचा एक प्रकार असतो जो माणसाचं शरीर स्वतः बनवत नाही, आणि तो खाल्ल्यावर थोडासा आपल्या पेशींवर बसतो. अंडी आणि कोंबडीत तो नसतो, मासळीत जवळजवळ नाहीच. त्यावर अभ्यास चालू आहेत. पण ही गोष्ट मटणाची झाली. साखरेच्या डब्याशी तिचं काही नातं नाही, आणि रविवारी आईला मटणाचा रस्सा खावासा वाटला तर त्यासाठीही मी तिला अडवणार नाही.

आता तुझी ताकद कुठे लावायची ते. टू-बीचा हा उपचार बरं करण्याच्या हेतूने दिला जातो. बाहेरून रेडिएशनच्या साधारण पंचवीस बैठका, सोबत सिस्प्लॅटिन, आणि शेवटी आतून देतात ती ब्रेकीथेरपी, जिला वॉर्डात सगळे आतली लाईट म्हणतात. हे सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत पुरं व्हावं लागतं. उपचार रेंगाळला की रोग परत डोकं वर काढायची शक्यता वाढते. सिस्प्लॅटिन सोबत दिल्याने खरंच फरक पडतो का, हे टाटानेच आपल्या रुग्णांत तपासलंय. तिसऱ्या-बी टप्प्यातल्या ८५० बायकांवरची ती चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या रेडिएशनवर पाच वर्षांनी शंभरातल्या ४६ हयात होत्या, सोबत सिस्प्लॅटिन घेतलेल्यांत ५४. आई त्यांच्या आधीच्या टप्प्यावर आहे. म्हणून एकही बैठक चुकू द्यायची नाही. कोणाचं लग्न, कोणाची बारशी, मोठा पाऊस, काहीही असो. पावसात विक्रोळीहून निघताना गाड्यांचा भरवसा नसतो, त्यामुळे घरून लवकर निघा. लोकलमध्ये कॅन्सरच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, हॉस्पिटलचं पत्र जवळ ठेवा. हिमोग्लोबिन किती आहे ते दर आठवड्याला विचार. ते साधारण दहाच्या वर असावं असं बरेच डॉक्टर बघतात.

इम्युनोथेरपीबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध रेडिएशन आणि केमोसोबत द्यायला अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तिसऱ्या टप्प्यापासून पुढच्या रुग्णांसाठी. त्याची किंमत मोठी आहे. आईला त्याची गरज आहे का, हे तिच्या डॉक्टरांना एकदा सरळ विचार आणि ते म्हणतील ते मान. कर्ज काढून कुठून तरी मागवायचं नाही.

अजून दोन गोष्टी, तुझ्यासाठी. तू ३१ ची आहेस, लग्न झालेलं असो वा नसो, शरीरसंबंध आला असेल तर तुझी एचपीव्ही तपासणी करून घे. आईला झालं म्हणून तुला होईलच असं नाही, हा कॅन्सर वारशाने येणारा नाही. पण तपासणीने किती जीव वाचतात ते याच शहराने दाखवलंय. १९९८ पासून टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांना शिकवून त्यांच्याकरवी गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावायचं आणि पांढरा डाग उठतो का ते बघायचं, एवढीच तपासणी. ज्या वस्त्यांत ती केली तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. घरात नऊ ते चौदा वयाची भाची-पुतणी असेल तर तिला लस द्या. पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते.

दुसरी गोष्ट, एचपीव्ही हा शरीरसंबंधातून येतो हे कळल्यावर नात्यातलं कोणी आईकडे वाकड्या नजरेने बघेल. बघू देऊ नकोस. आयुष्यात एकाच माणसाशी संबंध आलेल्या बाईलाही तो होतो, आणि बहुतेक सगळ्यांना तो कधीतरी होऊन जातो. आईला आपली चूक शोधायची सवय लागली आहे असं तुझ्या पत्रावरून वाटतं. चहातल्या साखरेवरचा आळ सुटला की ती दुसरं काहीतरी शोधेल. तेव्हा तू जवळ राहा.

आत्यांशी भांडू नकोस. त्यांना फोन करून सांग, की आईला भूक लागत नाही, तुम्ही येऊन तिच्यासाठी मऊ गुरगुट्या भात कराल का. त्यांना काहीतरी करायचंय, म्हणूनच तो मेसेज आला. कामाला लागल्या की त्या स्वतःच वाटी घेऊन आईच्या उशाशी बसतील.

आणि डबा खाली काढ. आईच्या देखत काढ, पुसून ओट्यावर ठेव, आणि संध्याकाळी तिचा चहा कर, पूर्वी करायचीस तसा, दोन चमच्यांचा. पहिल्या दिवशी ती पिणार नाही कदाचित. दुसऱ्या दिवशी परत कर.

पुढच्या सोमवारी वजन झालं की आकडा मला कळव.